ताण काढला, मग काठिण्य का उतरले?

वाचकांचे प्रश्न : यंत्रशाळा आणि धातुकाम

उष्णतोपचाराविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख या वेळी एकाच गोष्टीकडे आहे. पोलादी भागातील आतला ताण काढण्यासाठी जे स्ट्रेस रिलीव्हिंग करतात, त्याने त्या भागाच्या काठिण्याचे काय होते, हे मराठवाड्यातील अनेक कारखानदारांना आणि कारागिरांना नेमके जाणून घ्यायचे आहे. त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली असून पत्रलेखकांची व त्यांच्या आस्थापनांची नावे वगळली आहेत. सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न (वाळूज) : आमचे लेथ आणि ग्राइंडिंगचे छोटे युनिट आहे. ईएन १९ या पोलादाचे, आधीच हार्डनिंग-टेंपरिंग (तापवून झटकन थंड करणे आणि मग पुन्हा बेताने तापवणे) झालेले, २८ ते ३२ एचआरसीचे (रॉकवेल सी मापातील काठिण्य) गज आम्ही विकत घेतो. ड्रॉइंगवर ‘रफ टर्निंगनंतर स्ट्रेस रिलीव्हिंग’ अशी टीप होती, म्हणून ४० आणि ११० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट एकाच भट्टीत ६०० अंशांवर चार तास ठेवून आणले. ४० चे शाफ्ट ३० च्या आसपास कायम राहिले, ११० चे मात्र २६ पर्यंत उतरले आणि ग्राहकाने ते परत पाठवले. भट्टीवाल्याचे म्हणणे असे, की स्ट्रेस रिलीव्हिंगने काठिण्य कमी होतच नाही, तुमचा मालच तसा असणार. खरे काय मानावे?

उत्तर : काठिण्य टिकणार की उतरणार, हे दोन तापमानांच्या तुलनेवर ठरते. एक तापमान स्ट्रेस रिलीव्हिंगचे आणि दुसरे त्या मालाच्या शेवटच्या टेंपरिंगचे. पहिले दुसऱ्यापेक्षा पुरेसे खाली असेल, तर काठिण्य जागेवर राहते; ते बरोबरीला आले किंवा वर गेले, तर टेंपरिंगच पुढे चालू होते आणि काठिण्य उतरते. भट्टीवाल्याचे म्हणणे पहिल्या स्थितीला लागू आहे आणि आपले ११० चे शाफ्ट दुसऱ्या स्थितीत सापडले आहेत.

हे का घडते, ते थोडे सविस्तर पाहू. लालभडक तापवलेले पोलाद तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केले, म्हणजे आपल्या लोहारांच्या भाषेत त्याला पाणी दिले, की कार्बनचे अणू बाहेर पडायला वेळ न मिळाल्यामुळे लोखंडाच्या स्फटिकजाळीतच अडकून पडतात. मार्टेन्साइट नावाची ही रचना अतिशय कठीण आणि तेवढीच ठिसूळ असते. टेंपरिंगमध्ये ती पुन्हा तापवली की कार्बन हळूहळू सुटून बारीक कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या) कणांत जमा होतो, जाळी सैल होते, काठिण्य काहीसे घटते आणि चिवटपणा वाढतो. सुमारे ४०० अंशांच्या वर हे कार्बाइडचे कण जाड होऊ लागतात आणि त्यानंतर तापमान जितके चढवावे तितके काठिण्य उतरत जाते. पूर्ण पाणी बसलेले ईएन १९ साधारण ५४० अंशांवर टेंपर केले तर ३८ एचआरसीच्या आसपास आणि ६५० वर केले तर २९ च्या आसपास येते. एकदा ६३० अंशांवर स्थिरावलेली रचना नंतर ६०० अंशांवर काही तास ठेवल्याने फारशी बदलत नाही, कारण त्या तापमानाला जे व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते. म्हणून आपले ४० चे शाफ्ट टिकले.

आता ११० च्या शाफ्टचा प्रश्न. दोन्ही गजांवर काठिण्याचा आकडा सारखा होता, मग त्यांचे वर्तन वेगळे का झाले? गज जाड झाला की त्याची उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. ४० मिलिमीटरचा गज तेलात जवळजवळ पूर्ण कठीण होतो. ११० च्या गजात मात्र मार्टेन्साइटबरोबर मऊ रचनाही तयार होतात आणि त्याचे मूळ काठिण्यच कमी असते. गजाच्या कारखान्याला मात्र दोन्ही गज २८ ते ३२ मध्येच बसवायचे असतात. तेव्हा बारीक गज तो ६३० च्या आसपास टेंपर करतो आणि जाड गज ५६० च्या आसपास करूनच थांबतो, कारण त्याहून जास्त तापवले तर तो गज २८ च्या खाली जाईल. सारख्या काठिण्याच्या दोन गजांमागे असा वेगळा उष्णतेचा इतिहास दडलेला असतो. आपण दोन्ही गज ६०० अंशांवर ठेवले, तेव्हा एकाच्या बाबतीत आपण त्याच्या टेंपरिंगच्या खाली होता आणि दुसऱ्याच्या बाबतीत ४० अंश वर. काठिण्य मोजून टेंपरिंगचे तापमान ओळखता येते, असा समज अनेक युनिटांत आहे. तो सोडलेला बरा.

भट्टीत किती वेळ ठेवले, यालाही महत्त्व आहे, पण तापमानाइतके नाही. हॉलोमन आणि जॅफ यांनी १९४५ मध्ये टेंपरिंगसाठी मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. केल्व्हिनमधील तापमानाला, वीस अधिक तासांतील वेळेचा लॉगॅरिथम, या बेरजेने गुणायचे. दोन उपचारांचा हा गुणाकार सारखा आला, तर काठिण्यावरील त्यांचा परिणामही जवळपास सारखा असतो. या हिशेबाने ६०० अंशांवर एका तासाऐवजी दोन तास ठेवणे हे तापमान सुमारे १३ अंशांनी वाढवल्यासारखे आहे, आणि दहा तास ठेवणे हे सुमारे ४४ अंशांनी वाढवल्यासारखे. भट्टीचा मीटर २० अंश चुकीचा दाखवत असेल, तर एका तासाऐवजी दोन तास ठेवल्यापेक्षा त्या चुकीचा फटका अधिक बसतो.

म्हणून हार्डनिंग-टेंपरिंग झालेल्या मालाचे स्ट्रेस रिलीव्हिंग त्याच्या शेवटच्या टेंपरिंगपेक्षा निदान २५ ते ३० अंश खाली करण्याची प्रथा आहे. आपल्या जाड गजांसाठी ते ५३० च्या आसपास यायला हवे होते. ५३० वर ताण ६०० इतका पूर्ण निघत नाही हे खरे, पण रफ टर्निंगने आलेल्या ताणासाठी बहुधा तेवढे पुरते. पुढच्या खरेदीत गजांच्या प्रमाणपत्रावर टेंपरिंगचे तापमान मागून घ्यावे. बरेच व्यापारी ते देत नाहीत, तरीही मागावे, आणि ऑर्डरमध्येच ‘टेंपरिंग ६२० अंशांच्या खाली नको’ असे लिहून टाकावे. मग जाड गजात २८ मिळेल की नाही, हा प्रश्न विक्रेत्यालाच आधी सोडवावा लागेल. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर नुसते ‘स्ट्रेस रिलीव्हिंग’ असेल, तर तापमान विचारल्याशिवाय काम हाती घेऊ नये. परत आलेल्या शाफ्टवर अजून फिनिशिंगसाठीचा जादा माल शिल्लक असल्यास ते पुन्हा हार्डनिंग-टेंपरिंग करून वाचवता येतील. वाक आणि वरची खपली निघून जाण्याइतका माल अंगावर आहे का, ते मात्र आधी मोजून पाहावे.

प्रश्न (नांदेड) : मी तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकतो. टेंपरिंग आणि स्ट्रेस रिलीव्हिंग यांत नेमका फरक काय? दोन्हीत भाग तापवून हळू थंड करतात असेच पुस्तकात दिले आहे.

उत्तर : भट्टी तीच, तापमानाचा पट्टाही बराचसा तोच, फरक हेतूत आहे. टेंपरिंग नेहमी हार्डनिंगनंतरच असते आणि त्यात काठिण्य व चिवटपणा हवा तेथे आणून ठेवायचा असतो. स्ट्रेस रिलीव्हिंग कोणत्याही अवस्थेतील पोलादावर करता येते आणि त्यात काठिण्याला धक्का न लावता आतला ताण कमी करायचा असतो. पोलादाला मात्र जॉब कार्डावर काय लिहिले आहे ते कळत नाही. जे तापमान आणि जो वेळ मिळेल, त्याप्रमाणे दोन्ही परिणाम एकदमच होतात. परीक्षेत दोन वेगळ्या व्याख्या लिहाव्यात आणि कारखान्यात गेल्यावर हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न (जालना) : आम्ही रोलिंग मिलसाठी एमएस (सौम्य पोलाद) प्लेटच्या वेल्डिंग केलेल्या फ्रेम आणि बेस बनवतो. मशीनिंगपूर्वी त्या ६०० ते ६२० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह करून घेतो. एका ग्राहकाने आधी आणि नंतर काठिण्य मोजले. प्लेटवर दोन्ही वेळा १३० ब्रिनेलच्या (काठिण्याचे दुसरे एक माप) आसपास आले. काठिण्य उतरले नाही म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग झालेच नाही, असे म्हणून त्याने बिल अडवले आहे. त्याला काय सांगावे?

उत्तर : त्याला सांगावे, की काठिण्य न बदलणे हेच येथे अपेक्षित आहे. गरम रोलिंग केलेल्या सौम्य पोलादाची रचना फेराइट आणि पर्लाइटची असते आणि ती रोलिंगनंतर सावकाश थंड होतानाच स्थिर झालेली असते. तिच्यात अडकलेला कार्बन नाही, कार्बाइड होऊन बाहेर पडायचे काही उरलेले नाही; त्यामुळे ६०० अंशांवर काही तास ठेवल्याने काठिण्यात म्हणण्याजोगा फरक पडत नाही.

मग ताण गेला तो कसा? वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि भोवतालची थंड प्लेट त्याला आकसू देत नाही, त्यामुळे जोडाजवळ ओढीचा ताण अडकून राहतो. हा अवशिष्ट ताण पोलादाच्या यील्ड मर्यादेपर्यंतही (ज्याच्या पुढे धातू कायमचा वाकतो त्या ताणापर्यंतही) पोहोचलेला असू शकतो. फ्रेम ६०० अंशांवर गेली की यील्ड मर्यादा खोलीच्या तापमानाच्या निम्म्याहूनही खाली येते, शिवाय त्या तापमानाला धातू भाराखाली हळूहळू सरकतही राहतो. ज्या ताणाला आता पोलाद आधार देऊ शकत नाही, तो अगदी सूक्ष्म अशा कायमच्या विकृतीत रूपांतरित होऊन संपतो. या व्यवहारात काठिण्याचा संबंध येत नाही, पण मापाचा येतो. ताण सुटताना फ्रेम थोडी हलते, म्हणूनच हे काम मशीनिंगच्या आधी करतात आणि भट्टीत फ्रेमला खालून सरळ टेकू देतात. टेकू चुकला तर स्वतःच्याच वजनाने फ्रेम वाकते आणि दोष विनाकारण वेल्डरच्या माथी येतो.

ग्राहकाला काठिण्यात फरक पाहायचाच असेल, तर त्याने प्लेटवर न मोजता वेल्डच्या कडेच्या उष्णता-प्रभावित पट्ट्यात मोजावे. हा पट्टा वेल्डिंगच्या वेळी प्लेटच्या वस्तुमानामुळे झपाट्याने थंड होतो आणि कार्बन जास्त असल्यास चांगलाच कडक होतो. स्ट्रेस रिलीव्हिंगने तो कडकपणा खरोखर उतरतो आणि तसे उतरणे हिताचेही असते. कमी कार्बनच्या एमएसमध्ये मात्र तेथेही फरक थोडाच दिसेल.

उपचार झाला याचा पुरावा म्हणून भट्टीचा आलेख द्यावा. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) भट्टीच्या हवेत लोंबकळत न ठेवता फ्रेमलाच, तिच्या सर्वात जाड आणि सर्वात पातळ ठिकाणी, लावलेले असावेत. प्रत्येक २५ मिलिमीटर जाडीला एक तास हा मुरवण्याचा वेळ सर्वमान्य आहे आणि तो जाड भाग तापमानाला पोहोचल्यावर मोजायला सुरुवात करायची असते. अमेरिकेच्या एएसएमई (यांत्रिक अभियंत्यांची संस्था) संहितेत कार्बन स्टीलच्या वेल्डिंगनंतरच्या उपचारासाठी ५९५ अंश हे किमान तापमान आहे. आपले ६०० ते ६२० त्यात बसते. थंड करतानाचा आलेखही जोडावा, कारण ६०० वरून फ्रेम घाईने बाहेर काढली तर पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागे राहतो आणि काढलेला ताण नव्याने भरतो. निदान ३०० अंशांपर्यंत ती भट्टीतच उतरू द्यावी. यानंतरही ग्राहकाला प्रत्यक्ष ताणाचा आकडा हवा असेल, तर क्ष-किरण विवर्तनाने किंवा स्ट्रेन गेज लावून बारीक छिद्र पाडण्याच्या पद्धतीने तो मोजता येतो. त्याचा खर्च कोणी द्यायचा हे आधी ठरवून घ्यावे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमच्या टूलरूममध्ये डी २ पोलादाच्या ६० ते ६१ एचआरसीच्या डाय (साचे) वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणे) करताना मधूनच तडकतात. एका सहकाऱ्याने हार्डनिंगनंतर ६०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्हिंग करण्याचा सल्ला दिला. काठिण्य किती उतरेल?

उत्तर : डाय वापरण्याच्या लायकीची राहणार नाही इतके उतरेल, हा सल्ला मुळीच अमलात आणू नये. ६०० ते ६५० अंशांचे स्ट्रेस रिलीव्हिंग डी २ साठी योग्यच आहे, पण त्याची जागा रफ मशीनिंगनंतर आणि हार्डनिंगच्या आधी आहे. त्या टप्प्यावर पोलाद मऊ असते आणि पुढे हार्डनिंगमध्ये रचना नव्याने घडणार असते, म्हणून काठिण्याचा प्रश्नच येत नाही. हा टप्पा वाचवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि तो वाचवला की मशीनिंगचा ताण हार्डनिंगमध्ये वाकण्याच्या रूपाने वसूल होतो.

आपली अडचण मात्र हार्डनिंगनंतरच्या ताणाची आहे. आपल्या काठिण्यावरून डाय २०० अंशांच्या आसपास टेंपर होत असावी असे दिसते. एवढ्या कमी तापमानाला हार्डनिंगचा ताण थोडाच निघतो. वायरकट ठोकळ्यातून मधला भाग कापून काढते, तेव्हा आतापर्यंत एकमेकांना तोलून धरलेले ताण उघडे पडतात आणि कोपऱ्यातून तडा जातो. या डायवर आता स्ट्रेस रिलीव्हिंग करायचे म्हटले, तर ते १७० अंशांच्या वर नेता येणार नाही, आणि तेथे मिळणारा लाभ नावापुरता आहे.

खरा उपाय टेंपरिंगचा मार्ग बदलण्यात आहे. डी २ मध्ये क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असल्यामुळे ५०० अंशांच्या पुढे या धातूंचे स्वतःचे बारीक कार्बाइड तयार होतात आणि साध्या पोलादासारखे त्याचे काठिण्य सरळ कोसळत नाही. हार्डनिंगचे तापमान त्या मानाने थोडे वर घेऊन ५१० ते ५३० अंशांवर दोनदा, शक्य तर तीनदा टेंपर केले, तर काठिण्य ५८ च्या आसपास मिळते आणि ताण मात्र २०० अंशांच्या तुलनेत कितीतरी जास्त निघतो. शिवाय पुढे वायरकट आणि ग्राइंडिंगनंतर ४८० ते ५०० अंशांवर निर्धास्तपणे स्ट्रेस रिलीव्हिंग करता येते. काठिण्याचे दोन-तीन अंक सोडल्याने डायच्या धारेचे आयुष्य थोडे घटेल, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. तडकलेल्या डायला मात्र आयुष्यच नसते. वायरकट सुरू करण्याआधी मऊ अवस्थेतच मधला बराचसा माल ड्रिलने काढून ठेवावा आणि कोपऱ्यांना त्रिज्या द्यावी.

प्रश्न (शेंद्रा) : ईएन १९ चे लांब स्क्रू आम्ही ५१० अंशांवर ४० तास गॅस नायट्रायडिंग (पृष्ठात नायट्रोजन मुरवून ते कठीण करणे) करून घेतो. ते वाकतात म्हणून आधी स्ट्रेस रिलीव्हिंग सुचवले गेले. ते किती अंशांवर करावे? एका खेपेत तर गाभ्याचे काठिण्यही कमी आले, तेही स्ट्रेस रिलीव्हिंग केलेले नसताना.

उत्तर : स्ट्रेस रिलीव्हिंगचे तापमान नायट्रायडिंगच्या वर आणि टेंपरिंगच्या खाली बसवावे लागते. ते ५१० च्या खाली केले, तर उरलेला ताण नायट्रायडिंगच्या भट्टीतच सुटेल आणि स्क्रू तेथेच वाकेल. टेंपरिंगच्या वर केले, तर गाभा मऊ होईल. टेंपरिंग ६०० ते ६२०, स्ट्रेस रिलीव्हिंग ५६० ते ५७० आणि नायट्रायडिंग ५१० ही उतरती मांडणी निर्धोक आहे.

गाभ्याच्या काठिण्याचे कोडे वर दिलेल्या हॉलोमन-जॅफ सूत्राने सुटते. ५१० अंशांवर ४० तास हे ५६० अंशांवरील दोन तासांच्या जवळपास बरोबरीचे आहे. त्या खेपेचा माल ५३० किंवा ५४० अंशांवर टेंपर झालेला असेल, तर मीटरवर नायट्रायडिंग त्याच्या खालीच दिसेल, आणि तरी इतक्या तासांनी ते वर गेल्याचा परिणाम करेल. दोन-चार तासांच्या उपचाराला पुरेसा असलेला २५ ते ३० अंशांचा नियम अशा लांबलचक उपचाराला पुरत नाही. तेथे ७० ते ८० अंशांचे अंतर ठेवावे.

प्रश्न (लातूर) : माझे वेल्डिंगचे दुकान आहे. गुऱ्हाळाच्या चरकाचे झिजलेले शाफ्ट आम्ही वेल्डिंगने भरून पुन्हा लेथवर उतरवतो. भरल्यानंतर गॅसने लाल होईपर्यंत तापवून सोडून देतो. हे स्ट्रेस रिलीव्हिंग धरावे का?

उत्तर : हेतू बरोबर आहे, पण लाल या रंगावर विसंबता येत नाही. तापलेले घन पदार्थ अंधारात अंधुक लाल दिसू लागतात ते सुमारे ५२५ अंशांना. शास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये हे दाखवून दिले होते. आपण काम करता ते उघड्यावर, आणि उन्हाळ्यात लातूरच्या दुपारी एखादा शाफ्ट लाल दिसतो आहे असे आपल्याला वाटेपर्यंत तो बहुधा ७०० अंश ओलांडून गेलेला असतो. ७२५ च्या आसपास पोलादाची रचनाच पालटू लागते आणि त्यानंतर जे होते त्याला स्ट्रेस रिलीव्हिंग म्हणता येत नाही. तेवढ्या तापलेल्या शाफ्टवर जोराचा वारा किंवा पाण्याचा शिंतोडा बसला, तर कडक ठिपके तयार होतात आणि लेथची टीप त्यांवरच उडते.

चरकाचे शाफ्ट बहुधा ईएन ८ सारख्या मध्यम कार्बनच्या, म्हणजे सुमारे ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाचे असतात. त्यांत वेल्डच्या कडेचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो आणि शाफ्ट पुढे तेथूनच तुटतो. येथे काठिण्य उतरणे हाच तर आपला हेतू आहे. वेल्डिंगच्या आधी शाफ्ट १५० ते २०० अंश तापवून घ्यावा, आणि भरल्यावर ६०० ते ६५० अंशांवर सगळीकडून सारखा तापवून जाडीप्रमाणे तेवढा वेळ धरावा. तापमान पाहण्यासाठी ठराविक अंशांना वितळणारे खडू बाजारात मिळतात. एक ६०० चा आणि एक ६५० चा घ्यावा, पहिला वितळला पाहिजे आणि दुसरा वितळता कामा नये. नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत गाडून ठेवावा आणि सकाळपर्यंत उकरू नये. गाळपाच्या दिवसांत शाफ्टसाठी माणूस दारात उभा असतो हे मला ठाऊक आहे, तरीही. एखाद्या शाफ्टचा बेअरिंगचा भाग इंडक्शनने (विजेच्या वेटोळ्यात पृष्ठ तापवून) कडक केलेला असेल, तर मात्र त्याच्या जवळ वेल्डिंग आणि तापवणे या दोन्हींनी त्याचे पाणी उतरेल; असा शाफ्ट मोठ्या वर्कशॉपकडे पाठवावा.

प्रश्न (परभणी) : थंड ओढलेल्या तारेच्या स्प्रिंग गुंडाळून आम्ही २५० अंशांवर अर्धा तास ठेवतो. त्यानंतर काठिण्य किंचित वाढलेले दिसते. मोजण्यात चूक असेल का?

उत्तर : चूक असेलच असे नाही. थंड ओढताना आणि गुंडाळताना तारेच्या स्फटिकांत विस्थापने, म्हणजे जाळीतील सरकलेल्या रेषा, मोठ्या संख्येने तयार होतात. २०० ते ३०० अंशांवर कार्बन आणि नायट्रोजनचे अणू त्या रेषांपाशी जाऊन त्यांना जखडून टाकतात. गुंडाळण्याचा ताण काही प्रमाणात निघतो, स्प्रिंगची लवचीक मर्यादा वाढते आणि काठिण्यही कधी किंचित चढते. मर्यादा ओलांडून ४०० च्या पुढे गेलात, तर मात्र थंड कामाने मिळवलेली ताकद झपाट्याने जाऊ लागते. या उपचारात कार्बन स्टीलच्या स्प्रिंगचा व्यास थोडा आवळतो, तेव्हा गुंडाळतानाच तेवढी सवलत ठेवावी.

प्रश्न (चिकलठाणा) : ईएन २४ पोलादाचे भाग ५५० अंशांवर साध्या इलेक्ट्रिक भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह केल्यावर एकाच भागावर २४, २७, ३० असे वेगवेगळे एचआरसी येतात. टेंपरिंग ६०० ला झाल्याचे प्रमाणपत्र आमच्याकडे आहे. मग काठिण्य कशाने उतरले?

उत्तर : बहुधा उतरलेले नसावे. साध्या भट्टीतील हवेने पृष्ठावर ऑक्साइडची खपली धरते, आणि आधीच्या हार्डनिंगमध्ये कार्बन जळून गेलेला मऊ थरही वर शिल्लक असू शकतो. रॉकवेलचे हिऱ्याचे टोक या थरात रुतले की आकडा कमी येतो, आणि थर सगळीकडे सारखा नसल्यामुळे आकडे विखुरतात. एका भागावर अर्धा मिलिमीटर खोल, थंड पाणी सोडत ग्राइंड करून पुन्हा मोजावे. तेथे सलग ३० च्या आसपास आकडे आले, तर हा प्रश्न फिनिशिंगसाठी ठेवायच्या जादा मालाचा आहे आणि उष्णतोपचार निर्दोष आहे. तेथेही २४ आले, तर भट्टीचा थर्मोकपल आधी तपासून घ्यावा.

मोजताना भाग ऐरणीवर न डुलता बसलेला असावा, दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतर असावे आणि कडेपासून अडीचपट. लहान व्यासाच्या गोल पृष्ठावर खऱ्यापेक्षा कमी आकडा येतो, त्याची दुरुस्ती तक्त्यातून घ्यावी लागते. २० च्या खालचे एचआरसी आकडे ग्राह्य धरू नयेत. तेथे ब्रिनेल किंवा रॉकवेल बी वापरावे. आणि स्ट्रेस रिलीव्हिंगला भाग पाठवण्यापूर्वी त्याच यंत्रावर, त्याच जागी मोजलेले आकडे लिहून ठेवावेत, नाहीतर परतल्यावर आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हेच ठरत नाही.